बासच्या पानातली राहिलेली खूण

॥ श्री ॥

दहिवली, कर्जत
सोमवार, दि. १८ नोव्हेंबर २०२४

चि. हारून यास,

द्वारकाकाकूचे अनेक आशीर्वाद. सौ. शहाजादीला आणि लेकीला, फराहला, आठवण सांग. आमच्याकडे तब्येती बऱ्या आहेत.

तुझं पार्सल कार्तिकी एकादशीला, मंगळवारी दुपारी पोचलं. आलेल्या वस्तू अशा: बास रेकॉर्डर, म्हणजे आपली खर्जाची उभी बासरी, एक, तीन तुकड्यांत, पिशवीसह. गळ्यात अडकवायचा पट्टा एक. आतून पुसायचा ब्रश एक. सांध्यांच्या बुचाला लावायच्या मलमाची डबी एक, अर्धी भरलेली. फाइल एक, आत चौदा पानं. चिठ्ठी एक. टपालखर्च तुला एकशे अठरा रुपये पडला, लेबलावर छापलाय. आम्हाला खर्च काही नाही, पोस्टमनला चहा पाजला तेवढाच. बाहेरचं मांजरपाट शहाजादीने शिवलेलं दिसतं, तिचा टाका मी ओळखते. उसवून, धुऊन, घडी करून ठेवलं आहे.

चिठ्ठीत एकच ओळ आहे, ‘सरांची वस्तू सरांना.’ खाली सही. तू कधी सलामाशिवाय पत्र सुरू केलं नाहीस. म्हणून वर ‘चि.’ लिहिताना माझा हात थबकला होता. पण पंधरा वर्षं लिहीत आले, दुसरं काही सुचलं नाही. तुला नको असेल तर खोडून वाच.

इकडची खबर सांगायची तर मंडळी अजून दर रविवारी मारुतीच्या देवळामागच्या खोलीत जमतात. तू गेल्यापासून सातांचे सहा झाले. बास कोणी हाती घेतला नाही, आणि घेणार कुठून, तो तुझ्याकडेच होता. बासचे स्वर हे, तुझे सर, त्याहून लहान टेनरवर चढवून देतात, पण ते म्हणजे कढीत पाणी घातल्यासारखं. नामा गँगमन परवा म्हणाला, “काकू, बास नाय म्हंजे कसं, लगीन हाय, वरात हाय, पन नवराच नाय.” त्यावर सई, आमच्या समोरच्या बिल्डिंगमधली ती बँकेतली, म्हणाली, “नामाकाका, आधी तुमचा टेनर वेळेवर सुरू करा, नवऱ्याचं मग बघू.” सगळे हसले. हे हसले नाहीत. खुर्चीत बसून होते, हातात काठी, मान एका बाजूला कलती. हल्ली तालमीत हे फारसं बोलतच नाहीत. कोणाची चूक काढत नाहीत. तुला खरं वाटणार नाही.

दिवाळीआधी एक नवीन मार्च वाजवायला घेतला होता. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या जुन्या बँडच्या कागदांच्या त्या ट्रंकेतला शेवटचा, कागद हातात घेतला की कडा झडतात. त्यावर १९०३ साल छापलंय. त्या काळात अमेरिकेत रॅगटाइम नावाचं संगीत नवंच होतं, म्हणून मार्च असून त्याची चाल मध्येच पाय अडकवते, ठोका पडायचा तिथे पडत नाही, अर्ध्या पावलाने पुढे पडतो. इंग्रजी नाव कोणाच्या तोंडात बसेना, तेव्हा मंडळीतल्या बायकांनी त्याचं नाव ‘लंगडी’ ठेवलं. लंगडीच्या खेळात एक पाय वर असतो पण तोल जात नाही, तसं वाजवा, असं यांनीच समजावलं. अर्धा मार्च झाला आणि दिवाळीनंतर एक दिवस म्हणाले, “पुरे आता. ट्रंक बंद कर.” मला वाटलं, थकले असतील. शहात्तरावं लागलं.

हे सगळं मी घोळवते आहे, ते तुझ्या लक्षात आलं असेल. काम सांगायला आलेली बाई आधी भाजीचे भाव सांगते, तसं.

फोन केला असता, पण घर दोन खोल्यांचं आणि यांचे कान तिखट. आणि दुसरं कारण आहे, ते शेवटी लिहिते.

२६ जानेवारीचं बोलायला हवं. दोन वर्षं व्हायला आली.

त्या आठवड्यात लोधिवलीच्या दोन वाड्यांवरचे पंप एकदम जळाले आणि तू मोटार-वाइंडिंगच्या दुकानातून उठू शकला नाहीस. शेवटची तालीम चुकणार म्हणून तू फोन केलास, तो मी घेतला. मीच म्हटलं, “चुकली तर चुकू दे. यांनी मार्चच्या दुसऱ्या भागात, ट्रायोत, तुझं बदललंय, पण पान मी तयार करून ठेवते, ग्राउंडवर देईन. तुला काय, बघून वाजवशील.” हे माझे शब्द. तू विसरला असशील, मी नाही.

पान कसं तयार होतं तेही तू पाहिलं आहेस. काचबिंदूने यांची नजर गेली तेव्हापासून हे बोलतात आणि मी लिहिते. बँडच्या पितळी वाद्यांतलं कॉर्नेटचं आपल्या सगळ्यात लहान बासरीला, सोप्रानोला, हॉर्नचं ‘प्पा प्पा’ आल्टोंना, ट्रॉम्बोनची ती घुमणारी ओळ नामाच्या टेनरला, आणि ट्यूबाचा पाया तुला. ट्यूबा जिथे फार खोल जाई तिथे तुझ्या बासला स्वर नसे, मग हे तो वर उचलून ठेवत. आणि दर थोड्या वेळाने एक स्वर गाळून तुला श्वासाला जागा देत. म्हणत, “हारून माणूस आहे, पंप नाही.” मी जुनी मॅट्रिक, मला संगीतातलं काही येत नव्हतं. पण अक्षर बरं होतं. सुरांची छापील वही कर्जतात मिळेना आणि मुंबईची महाग, म्हणून मी पोरांच्या इंग्रजीच्या चाररेघी वह्या आणायची आणि फूटपट्टीने पाचवी रेघ ओढायची. कोमल स्वरांच्या खुणा प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला लिहायला हव्यात, असं छापील पानावर असतं. ती जागा वाचवायला मी त्या पहिल्या ओळीतच लिहायची. दर ओळीला एक घर वाचे, पानाला आठ. यांनी चालवून घेतलं. म्हणाले, “खूण बदलली की तेवढं विसरू नकोस.”

त्या दिवशी वाजवायच्या मार्चमध्ये ट्रायोला खूण बदलते. एक कोमल होता तिथे दोन होतात. तुझ्या पानात ट्रायो नेमका मागच्या बाजूला सुरू होत होता. पुढची बाजू संपली, कुकरची शिट्टी झाली, मी उठले, डाळ उतरवली, हात पुसले, पान उलटलं आणि वर ‘ट्रायो’ लिहून पुढे स्वर लिहायला लागले. खूण राहिली.

ग्राउंडवर झेंडावंदन झालं. शाळेची पोरं, पालक, नगरपरिषदेची माणसं, शंभर-दीडशे तरी असतील. पहिला भाग तुम्ही सगळ्यांनी असा वाजवला की माझ्या अंगावर काटा आला. मग ट्रायो. सहाजणांचा मध्यम शुद्ध आणि तुझा एकट्याचा तीव्र. आमच्या भजनातल्या म्हातारीलाही फरक कळला असता. तू दचकून एकदा पानाकडे पाहिलंस, मी पाहिलं ते. पण यांचा नेम, पानावर असेल ते वाजवायचं, स्वतःच्या कानाचं शहाणपण करायचं नाही. तू पंधरा वर्षं तो पाळलास. त्या दिवशीही पाळलास, शेवटपर्यंत.

आणि मग हे माइकजवळच उभे राहून बोलले ते. “मोटारी गुंडाळून गुंडाळून याच्या कानातली तार जळली आहे. बहिऱ्याला मी पंधरा वर्षं शिकवत होतो.” काही लोक हसले. फराह पुढच्या रांगेत बसली होती, तिने ओढणी तोंडावर घेतली. तू बास पिशवीत घातलास, प्रत्येक तुकडा पुसून, घाई न करता, आणि माझ्या पाया पडून गेलास. यांच्या पडलास तसाच माझ्या पडलास.

हे दोन वर्षांपूर्वीचं. आता परवाचं.

पार्सल उघडलं तेव्हा यांनी बास हाताने चाचपून पाहिला. डोक्यापासून खालच्या किल्लीपर्यंत बोटं फिरवली, म्हणाले, “तेल घातलंय किल्लीला. न वाजवता तेल घालत होता.” आणि आत जाऊन पडले. मी फाइल घेऊन स्वयंपाकघरात बसले. ते पान सगळ्यात वर होतं. उलटलं. माझंच अक्षर, वर ‘ट्रायो’, आणि पुढे मोकळी जागा.

तुझ्यापासून काय लपवू. डब्यात पेन होतं. मी टोपण काढलं. तेवढी एक खूण, तांदळाच्या दाण्याएवढी, घालायला किती वेळ लागतो? मग ते पान जगात कोणीही पाहिलं तरी बरोबर दिसलं असतं आणि तू खोटा ठरला असतास, कायमचा. उपास होता, देवासमोर समई तेवत होती. माझा हात कागदाला लागला होता. मग टोपण लावलं. चांगुलपणाने लावलं असं म्हणणार नाही, भीतीने लावलं.

तीन दिवस मला जेवण गेलं नाही. यांना वाटलं एकादशी अंगावर आली. त्रिपुरी पौर्णिमेला सकाळी चहा देताना सांगून टाकलं.

“हारूनच्या पानात खूण नव्हती.”

“कुठल्या पानात?”

“सव्वीस जानेवारीच्या. मी घातलीच नव्हती. त्याने बरोबर वाजवलं, पानाप्रमाणे.”

कप हातात तसाच. मी वाट पाहत होते की आता आवाज चढेल. चढला असता तर बरं झालं असतं. कप खाली ठेवून म्हणाले, “बाकीची पानं आण.”

“कुठली?”

“सगळी. त्या दिवसानंतर तू लिहिलेली.”

शुक्रवार, शनिवार, रविवार, तीन दिवस आम्ही तेच केलं. मी एकेक स्वर मोठ्याने वाचायचा आणि यांनी तो गुडघ्यावर बोटांनी धरून ऐकायचा. एकशे सहा पानं. चार चुका सापडल्या. तू त्यात नाहीस, तुझं पान नव्हतंच त्यात. एक सईच्या आल्टोत, एक नामाच्या टेनरमध्ये, दोन सोप्रानोत. आणि दर चुकीला हे एकच वाक्य म्हणत होते, “हे मी ऐकलं होतं.” पहिल्यांदा मला कळलं नाही. चौथ्या वेळी मी विचारलं, “ऐकलं होतं तर तालमीत बोलला का नाहीत?”

म्हणाले, “मला वाटलं, माझेच कान गेले. डोळे गेले तेव्हा म्हटलं, कान आहेत. मग सगळे एक वाजवतायत आणि मला दुसरंच ऐकू येतंय. तू म्हणत होतीस, पान बरोबर आहे. मग चूक माझ्यातच ना?”

हारून, ‘लंगडी’ त्यासाठी बंद केली होती. ट्रंक त्यासाठी लावली होती. दोन वर्षं हा माणूस माझ्या शेजारी बसून स्वतःला बहिरा समजत होता आणि मला एका शब्दाने बोलला नाही. जे तुला सगळ्यांसमोर म्हणाले, ते स्वतःला मनातल्या मनात रोज म्हणत होते.

माझ्यावर ओरडले नाहीत. काल संध्याकाळी इतकंच म्हणाले, “लिहायचं काम तुझंच. वाचायचं सईकडे देऊ.” सईने आजपासून यायला सुरुवात केली, बँकेत जायच्या आधी अर्धा तास. मी चहा केला. पान तिच्या हातात होतं. ठीक आहे, तसंच असायला हवं. पण चाळीस वर्षं यांचा पेपर, पत्रं, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी सगळं मी वाचत आले. यांच्याशेजारची ती खुर्ची सईला सोडून स्वयंपाकघरात उभं राहणं मला जमत नाही अजून.

आता ते लिहिते जे लिहायला बसले होते.

काल रात्रीचं जेवण झाल्यावर हे तुझ्याबद्दल बोलले, पहिल्यांदा. म्हणाले, “त्याच्याकडे पान होतं. त्याने घरी जाऊन पाहिलंच असेल. आपली चूक नाही हे त्याला कळलं होतं. तरी आपल्याला एका अक्षराने कळवलं नाही. का, तर तुझं नाव आलं असतं. केवढा मोठा माणूस. आणि मी त्याला काय बोललो.” डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसत नव्हते.

आणि मी ताट उचललं.

तू कळवलं होतंस. त्याच वर्षी फेब्रुवारीच्या सात तारखेला तुझं पत्र आलं होतं, यांच्या नावाचं. यांना वाचून मीच दाखवलं. सुरुवातीचा सलाम वाचला. दुकानाचं काम वाढलंय, तूर्त येणं होणार नाही, हे वाचलं. फराहची परीक्षा आहे, ते वाचलं. त्यांच्या मधल्या तीन ओळी वाचल्या नाहीत. अजून पाठ आहेत: ‘सर, म्हणाल तेव्हा माझं पान पाठवतो, एकदा कोणाकडून तरी वाचून घ्या. ट्रायोला खूण बदललेली नाही, मी पानाप्रमाणे वाजवलं. काकूंना रागावू नका, घाईत राहिलं असेल.’

मी त्या ओळींवर आले आणि आवाज न थांबवता पुढच्या ओळीवर गेले. यांनी विचारलं, “एवढंच? माफी वगैरे काही नाही?” मी म्हटलं, “एवढंच.” यांनी “बरं” म्हटलं आणि त्या “बरं”ने तुझं दार बंद झालं. उत्तर आलं नाही तेव्हा तू समजलास, सरांना पान वाचून घ्यावंसंही वाटलं नाही. तू काय दुसरं समजणार.

मी कागद टाकणारी बाई नाही, तुला माहीत आहे. लग्नपत्रिकांची मागची बाजू मी वापरते, पाकिटं उलटून पुन्हा चिकटवते. तुझं ते पत्र मात्र मी दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीच्या बंबात घातलं.

का केलं, तर उत्तर आहे, पण ते पुरेसं नाही. मला वाटलं, यांना कळलं की माझ्या पानावर भरवसा ठेवता येत नाही, तर हे काम सोडतील. डोळ्यांनंतर त्यांच्याकडे एवढंच उरलं होतं. ते काम वाचवायला तुझी किंमत दिली, असं मी मनाशी म्हणत आले. पण खरं असं की काम त्यांचं वाचलं नाही, वाचवत होते मी माझी खुर्ची. रोज जपाला बसते, माळ ओढते, आणि दोन वर्षं एका मण्यावर हात अडतो आहे.

हे यांना अजून सांगितलेलं नाही. आज सांगणार आहे, हे पत्र स्टेशनजवळच्या पेटीत टाकून घरी आले की लगेच. आधी टाकते, मग सांगते, कारण टाकलेलं पत्र मागे घेता येत नाही. फोन न करण्याचं दुसरं कारण हेच. सांगून मग लिहायला बसले असते तर काय सांगावं, यातलंही एखादं वाक्य गाळलं असतं. माझा माझ्यावर भरवसा उरलेला नाही.

यांचं म्हणणं असं आहे की तुझ्याकडे यायचं. घरी नाही, दुकानात. “ग्राउंडवर बोललो तेव्हा माणसं होती. त्याच्या दुकानात गिऱ्हाईक असेल त्या वेळी मला नेऊन उभं कर,” असं म्हणाले. चौक गावापर्यंत रिक्षा आणि पुढे कोणी सोडेल. मला बरोबर यायचं की बाहेर थांबायचं, ते तू सांग. बास परत घे असं मी म्हणत नाही. ते म्हणायचा हक्क त्यांचाही नाही असं त्यांनाच वाटतं.

मी तुझ्याकडे एकच मागते. त्या तीन ओळी पुन्हा लिही. मी आज त्यांना सांगेन, पण ते माझं सांगणं होईल, आणि माझ्या तोंडून त्यांनी आता काय म्हणून ऐकावं. तुझे शब्द तुझ्याच अक्षरात घरी यायला हवेत, जसे तेव्हा आले होते. ‘काकूंना रागावू नका’ हे मात्र या वेळी लिहू नकोस. पाकिटावर सरांचं नाव घाल. मी उघडणार नाही. सई उघडेल, यांच्यासमोर मोठ्याने वाचेल, आणि मी तिथेच बसलेली असेन.

यायचं की नको तेही त्याच कागदावर असू दे. उलट टपाली कळव.

द्वारका